इंग्लंडमधील कॅथलिक माध्यमिक शाळांतील धर्मशिक्षण : व्यवस्था, अभ्यासक्रम आणि मराठी पालकांसमोरील प्रश्न

मुंबई, पुणे वा वसईच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकलेल्या मराठी पालकांना इंग्लंडमधील कॅथलिक माध्यमिक शाळा प्रथमदर्शनी परिचयाची वाटते. भिंतीवरचा क्रूस, सकाळची प्रार्थना, गणवेशाचा काटेकोर आग्रह, शिस्तीचा लौकिक, सारे तेच. या साम्यावरून अनेकजण असे गृहीत धरतात की धर्मशिक्षणाची व्यवस्थाही तीच असेल. म्हणजे कॅथलिक मुले धर्मोपदेशाच्या तासाला जातील आणि इतर मुले ‘मॉरल सायन्स’ वा मूल्यशिक्षणाच्या वर्गात बसतील. प्रत्यक्षात अशी विभागणी तेथे नाही. अकराव्या वर्षी शाळेत दाखल झालेले हिंदू, मुस्लिम, शीख वा कोणताही धर्म न मानणाऱ्या घरातील मूल कॅथलिक मुलांच्या शेजारी बसून तोच अभ्यासक्रम पाच वर्षे शिकते आणि बहुतेक शाळांत सोळाव्या वर्षी त्याच विषयाची सार्वजनिक परीक्षा देते.

हा फरक केवळ रीतीचा नाही, कायद्याचा आहे. भारतीय राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णतः सरकारी निधीवर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत ते दिले जात असेल तर विद्यार्थ्याची, तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची, संमती लागते. इंग्लंडमध्ये चाक उलट फिरते. तेथे सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक शाळेने धर्मशिक्षण द्यावे अशी कायद्याची अपेक्षा आहे आणि नको असेल त्या पालकाने तसे कळवावयाचे आहे. भारतात संमतीने प्रवेश, इंग्लंडमध्ये नकाराने सुटका. कॅथलिक शाळेचा विचार करणाऱ्या कुटुंबाने हे सूत्र आधी समजून घेतले, तर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

या लेखात विचार केला आहे तो इंग्लंडमधील सरकारी निधीवर चालणाऱ्या कॅथलिक माध्यमिक शाळांचा. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे शिक्षणविषयक कायदे वेगळे आहेत.

ही व्यवस्था आली कोठून

इंग्लंडमध्ये कॅथलिक शाळा चालवणे हा दीर्घकाळ गुन्हा होता. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीपासून कॅथलिक कुटुंबांतील मुलांना शिकण्यासाठी गुपचूप समुद्रापार पाठवले जाई. त्यासाठी १५६८ मध्ये दुए येथे आणि १५९३ मध्ये सेंट ओमेर येथे इंग्रजांसाठी विद्यालये स्थापन झाली. सेंट ओमेरची जेझुइट शाळा पुढे स्थलांतर करीत १७९४ मध्ये लँकेशायरमधील स्टोनीहर्स्ट येथे आली आणि आजही चालू आहे.

याच पिढीतला एक इंग्रज कॅथलिक देशत्याग करून रोमला गेला, जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात उतरला. तो म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. नवख्रिस्ती लोकांच्या धर्मशिक्षणासाठी त्याने मराठी ओवीत रचलेले सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. मायदेशात ज्याला आपला धर्म उघडपणे शिकवता आला नसता, त्या इंग्रजाने तो मराठीत शिकवला, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासात येते. इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासातही तिला जागा असायला हरकत नाही. स्टीफन्सचा जन्म विल्टशायरमधला. त्याच विल्टशायरमधील स्विंडन शहरात आज गोव्याहून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस निर्बंध सैल झाले, १८२९ मध्ये कॅथलिकांना बहुतांश राजकीय हक्क मिळाले आणि १८४० च्या दशकात आयर्लंडमधील दुष्काळामुळे लक्षावधी गरीब कॅथलिक इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत आले. १८५० मध्ये बिशपांची श्रेणीव्यवस्था पुनःस्थापित झाली आणि १८५२ च्या वेस्टमिन्स्टर धर्मपरिषदेने चर्चइमारतींच्या आधी शाळा बांधण्यावर भर दिला. म्हणजे आज ज्या शाळांच्या प्रवेशासाठी सुखवस्तू मध्यमवर्ग रांगा लावतो, त्या मुळात स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी, मजुरांच्याच वर्गणीतून उभ्या राहिल्या.

राज्य आणि चर्च यांच्यातील तडजोड टप्प्याटप्प्याने होत गेली. १८७० च्या कायद्याने लोकनियुक्त मंडळांच्या शाळा सुरू झाल्या. त्यांत कोणत्याही एका पंथाची प्रश्नोत्तरी शिकवण्यास मनाई होती आणि पालकांना मुलास धर्मशिक्षणातून काढून घेण्याचा हक्क होता. १९०२ च्या कायद्याने चर्चच्या शाळांना स्थानिक कराचा पैसा मिळू लागला. आजच्या व्यवस्थेचा पाया मात्र १९४४ च्या बटलर कायद्याने घातला. त्यानुसार कॅथलिक शाळा ‘व्हॉलंटरी एडेड’ या वर्गात आल्या. शिक्षकांचे पगार आणि दैनंदिन खर्च सरकारचा, जमीन चर्चच्या न्यासाची, इमारतखर्चातील वाटा दोघांचा. हा सरकारी वाटा आरंभी ५० टक्के होता. तो १९५९ मध्ये ७५, १९६७ मध्ये ८०, १९७५ मध्ये ८५ आणि या शतकाच्या आरंभी ९० टक्क्यांवर गेला. गेल्या दीड दशकात अनेक शाळा ‘अकॅडमी’ झाल्या, त्यांचा निधी थेट केंद्राकडून येतो. परंतु त्यांचे कॅथलिक स्वरूप करारानेच राखलेले आहे.

आज इंग्लंडमध्ये सुमारे २,००० कॅथलिक शाळा आहेत. त्यांतील एक तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी कॅथलिक नाहीत. धर्मशिक्षणाच्या वर्गाचे स्वरूप काय असावे, या प्रश्नाचे बरेचसे मूळ या एका आकड्यात आहे.

अभ्यासक्रम कोण ठरवतो

१९८८ च्या सुधारणेने इंग्लंडला राष्ट्रीय अभ्यासक्रम मिळाला. गणित, विज्ञान, इतिहास त्यात आले. धर्मशिक्षण आले नाही. ते सक्तीचे, पण राष्ट्रीय अभ्यासक्रमाबाहेरचे राहिले. सामान्य सरकारी शाळेत त्याचा आराखडा स्थानिक पातळीवर विविध धर्मांचे प्रतिनिधी, शिक्षक व नगरसेवक मिळून ठरवतात. व्हॉलंटरी एडेड कॅथलिक शाळेत मात्र ते न्यासपत्रानुसार, म्हणजे प्रत्यक्षात बिशपांच्या मार्गदर्शनानुसार, दिले जाते. चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेतील ८०४ वे कलम हा अधिकार बिशपांकडे सोपवते आणि धर्म शिकवणारा शिक्षक तत्त्वाने शुद्ध, आचरणाने आदर्श आणि अध्यापनात कुशल असावा अशी अपेक्षा ठेवते. यातील तिसरी अट मला सर्वांत अवघड वाटते; पहिल्या दोहोंची शिफारस धर्मगुरू करू शकतो, तिसरीची परीक्षा नववीतला कंटाळलेला वर्ग घेतो.

देखरेखही दुहेरी आहे. शाळेची सर्वसाधारण तपासणी ऑफस्टेड करते. परंतु कॅथलिक शाळेतील धर्मशिक्षण, सामुदायिक उपासना आणि शाळेचे कॅथलिक जीवन यांची तपासणी चर्चची स्वतंत्र यंत्रणा करते. २००५ च्या शिक्षण कायद्याचे ४८ वे कलम त्याचा आधार आहे. पूर्वी प्रत्येक धर्मप्रांत आपापल्या पद्धतीने हे काम करी. २०२२ पासून कॅथलिक स्कूल्स इन्स्पेक्टोरेट ही एक समान यंत्रणा आहे. शाळा निवडताना ऑफस्टेडचा अहवाल सर्वच वाचतात. हा दुसरा अहवाल कॅथलिकेतर पालक सहसा उघडत नाहीत. वस्तुतः आपले मूल कोणत्या वातावरणात वाढेल, हे त्यातूनच अधिक कळते.

बिशपांचा आणखी एक दंडक वेळापत्रकाला आकार देतो : सोळाव्या वर्षापर्यंत एकूण अध्यापनवेळेच्या १० टक्के आणि त्यानंतर ५ टक्के वेळ धर्मशिक्षणाला. आठवड्याला २५ तास अध्यापन धरले तर अडीच तास. इतिहास वा भूगोलाला मिळतो त्याहून हा वेळ बहुधा अधिक असतो. बिशप या विषयाला संपूर्ण अभ्यासक्रमाच्या गाभ्याचा गाभा मानतात. त्यामुळे परीक्षेच्या हंगामात गणिताच्या जादा तासासाठी हा तास कापला जाईल, अशी आशा ठेवू नये.

वर्गात काय शिकवतात

कॅथलिक शाळांसाठीचा नवा मार्गदर्शक आराखडा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे शीर्षक तेराव्या शतकातील चिचेस्टरच्या संत रिचर्ड यांच्या नावाशी जोडलेल्या प्रार्थनेतून घेतले आहे. या आराखड्याने वर्षाचे सहा भाग केले आहेत, साधारणपणे प्रत्येक अर्ध्या सत्राला एक. आरंभ सृष्टी आणि करार येथून होतो. नाताळापूर्वी संदेष्टे आणि वचन. मग गालीलपासून यरुशलेमपर्यंतचे येशूचे कार्य. उपवासकाळ आणि ईस्टरच्या सुमारास दुःखसहन व पुनरुत्थान. त्यानंतर आरंभीच्या ख्रिस्तसभेचा विस्तार. आणि शेवटी इतर पंथ, धर्म व विचारधारा यांच्याशी संवाद. हेच चक्र दरवर्षी पुन्हा फिरते, मात्र खोली वाढत जाते. आपल्याकडे चैत्र ते फाल्गुन सणांबरोबर कथा पुन्हा पुन्हा येतात आणि वयानुसार त्यांचा अर्थ बदलतो, तशीच ही रचना आहे. मूळ पाया चर्चच्या उपासनावर्षाचा असल्याने वर्गातील पाठ आणि शाळेच्या सभागृहातील उपासना एकाच ऋतूत चालतात.

विद्यार्थ्याने काय करावे, याचीही त्रिपदी आराखड्यात आहे : समजून घेणे, विवेकाने पारखणे आणि प्रतिसाद देणे. यातील पहिल्या दोहोंचे मूल्यमापन होते. तिसऱ्याचे होत नाही, कारण श्रद्धेला गुण देता येत नाहीत.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे, कारण संशयाचे मूळ पुष्कळदा तो न समजण्यात असते. व्हॅटिकनच्या शिक्षण विभागाने १९८८ च्या दस्तऐवजात शालेय धर्मशिक्षण आणि श्रद्धादीक्षा या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या. श्रद्धादीक्षा ही श्रद्धावंतासाठी, तिचे स्थान मुख्यतः कुटुंब आणि धर्मग्राम. शालेय धर्मशिक्षणाचे उद्दिष्ट ज्ञान. दोन्ही परस्परपूरक, पण एक नव्हेत. व्यवहारात ही रेषा पुसट होते हेही खरे. ज्या शाळेत दिवसाचा आरंभ प्रार्थनेने होतो, तेथे दुसऱ्या तासाचा धडा निव्वळ ज्ञानाचा राहतो असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. चांगला शिक्षक भाषेतून हे अंतर सांभाळतो. ‘आपण मानतो’ असे तो सरसकट म्हणत नाही. ‘कॅथलिकांची श्रद्धा अशी आहे’ असे म्हणतो, आणि मग ‘का’ या प्रश्नाकडे वळतो. पालकसभेत शिक्षकाच्या बोलण्यात यांपैकी कोणते वाक्य येते, इकडे लक्ष द्यावे.

अभियंते आणि डॉक्टर यांची संख्या मोठी असलेल्या मराठी समाजात एक शंका हमखास निघते : उत्क्रांतीचे काय? याबाबत चिंतेचे कारण नाही. कॅथलिक चर्च उत्पत्तीचा पहिला अध्याय विज्ञानाचे पाठ्यपुस्तक म्हणून वाचत नाही. विस्तारणाऱ्या विश्वाची कल्पना १९२७ मध्ये मांडणारे जॉर्ज लेमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते आणि आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल ऑगस्टिनियन मठवासी. शाळेत विज्ञानाचा अभ्यासक्रम तोच, परीक्षाही तीच; धर्मशिक्षणाच्या तासाला महास्फोट आणि उत्पत्तीची कथा एकमेकांशेजारी ठेवून त्यांचा मेळ कसा घालावा, यावर विद्यार्थ्याने निबंध लिहायचा असतो.

जीसीएसई : दोन धर्म, तीन प्रश्नपत्रिका

दहावी-अकरावीच्या वयात, क्वचित नववीपासून, जीसीएसईची तयारी सुरू होते. २०१६ पासून शिकवला जाणारा आणि २०१८ मध्ये प्रथम परीक्षा झालेला सध्याचा अभ्यासक्रम दोन धर्मांचे अध्ययन अनिवार्य करतो. बिशपांनी कॅथलिक शाळांसाठी दुसरा धर्म म्हणून यहुदी धर्म निश्चित केला. त्यामागे ख्रिस्ती धर्माची मुळे यहुदी परंपरेत आहेत हे कारण आहेच. १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेतील ‘नोस्त्रा एताते’ या घोषणेने यहुदी समाजाशी नाते नव्याने जोडले, ही पार्श्वभूमीही आहे. मुस्लिम विद्यार्थी मोठ्या संख्येने असलेल्या शाळांनी त्या वेळी इस्लामचा पर्याय जाण्याबद्दल नाराजी व्यक्त केली होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

मराठी मुलाला यहुदी धर्माचा भाग परका वाटण्याचे कारण नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज शनिवारी घाणा बंद ठेवी म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथ म्हणजे काय हे समजावायला याहून चांगले उदाहरण घरात बसून मिळणार नाही.

अनेक कॅथलिक शाळा एज्युकास मंडळाचा कॅथलिक पर्याय निवडतात. त्यात कॅथलिक ईशज्ञानाच्या दोन प्रश्नपत्रिका प्रत्येकी ३७.५ टक्क्यांच्या आणि यहुदी धर्माची २५ टक्क्यांची असते. विषय सृष्टीची उत्पत्ती, सुष्ट-दुष्ट, जीवन व मृत्यू, पाप व क्षमा असे. त्यांच्या पोटात गर्भपात, इच्छामरण, शिक्षेचा हेतू, मायकेल अँजेलोचे आदमच्या निर्मितीचे चित्र, मानवतावाद्यांचे आक्षेप हे सारे येते. प्रश्न चार पायऱ्यांचे असतात : व्याख्येला २ गुण, वर्णनाला ५, स्पष्टीकरणाला ८ आणि एखाद्या विधानाची चर्चा करण्याला १५. हा शेवटचा प्रश्न निर्णायक ठरतो. त्यात कॅथलिक भूमिका अचूक मांडावी लागते, विरोधी भूमिकाही मांडावी लागते आणि मग साधार निष्कर्ष काढावा लागतो. निष्कर्ष चर्चच्या विरोधात गेला म्हणून गुण कापले जात नाहीत. चर्चची भूमिका चुकीची सांगितली तर जातात.

मराठी घरातील मुले अडखळतात ती श्रद्धेपाशी नव्हे, शब्दांपाशी. ‘इन्कार्नेशन’ या संज्ञेला घरी ‘अवतार’ हा प्रतिशब्द मिळतो आणि मूल उत्तरात राम-कृष्णांशी तुलना करून मोकळे होते. परंतु अवतार अनेक असतात, युगायुगांत होतात. ख्रिस्ती देहधारण एकदाच घडलेले आहे, आणि त्यात पूर्ण देवत्व व पूर्ण मनुष्यत्व एकाच व्यक्तीत आहे, हा इ.स. ४५१ च्या कॅल्सेडॉन परिषदेचा निर्णय परीक्षकाला हवा असतो. मराठी ख्रिस्ती लेखक ‘देहधारण’ हाच शब्द वापरतात, तो उगीच नाही. तीच गत ‘त्रैक्या’ची. ब्रह्मा-विष्णू-महेश किंवा दत्तमूर्ती डोळ्यांसमोर आणली की तीन देव किंवा एकाच देवाची तीन रूपे असा अर्थ निघतो. आणि नेमक्या याच दोन समजुती चर्चने आरंभीच्या शतकांत नाकारल्या. ‘सॅक्रामेंट’साठी मराठी कॅथलिक ‘संस्कार’ म्हणतात. तेथे मात्र मुंज-विवाहाची ओळख थोडी उपयोगी पडते, फक्त संख्या सोळा नसून सात आणि केंद्रस्थान ख्रिस्तकृपेचे, एवढे जोडावे लागते. कृपा, शरणागती, नामस्मरण यांविषयी बोलताना संतवाङ्मय ऐकलेल्या घरातील मूल पुष्कळदा वर्गमित्रांपेक्षा सहज बोलते.

ज्यांना घरी मूळ मजकूर मराठीत वाचून मुलाला मदत करावयाची आहे, त्यांच्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ हा सर्वांत सोयीचा ग्रंथ. वसईच्या या धर्मगुरूंना त्यासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि पुढे २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यातील मराठी टिपा इंग्रजी पाठ्यपुस्तकाशेजारी ठेवून वाचण्याजोग्या आहेत.

या विषयाचा पुढे उपयोग काय, हा व्यवहारी प्रश्नही रास्तच. इंग्रजी बॅकालॉरिएट या सरकारी मोजमापात धर्मशिक्षण धरले जात नाही, ही त्याची उणी बाजू. पण ते पूर्ण जीसीएसई आहे, त्याचे गुण इतर विषयांइतकेच मोजले जातात आणि युक्तिवाद लिहिण्याची जी सवय यातून लागते ती वैद्यकीय नीतिशास्त्राच्या मुलाखतीत वा कायद्याच्या अभ्यासात उपयोगी पडते.

शिक्षक

मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि धर्मशिक्षण विभागप्रमुख ही पदे आचरणशील कॅथलिकांसाठी राखीव असावीत, असा बिशपांचा दंडक आहे आणि व्हॉलंटरी एडेड शाळांना अशी निवड करण्याची मुभा कायदा देतो. वर्गावरचा शिक्षक मात्र कॅथलिक असेलच असे नाही. देशभर या विषयाच्या शिक्षकांची चणचण आहे. गेल्या दशकातील बहुतेक वर्षे प्रशिक्षणभरतीचे सरकारी लक्ष्य पूर्ण झालेले नाही. त्यामुळे इतिहासाचा वा व्यायामाचा शिक्षक धर्मशिक्षणाचे दोन तास घेताना दिसतो. अशांसाठी कॅथलिक सर्टिफिकेट इन रिलिजियस स्टडीज हा आठ घटकांचा अभ्यासक्रम आहे. शाळाभेटीच्या दिवशी हा विषय तज्ज्ञ शिक्षक किती तास शिकवतात, हे विचारणे मुळीच अप्रस्तुत नाही.

शिक्षकाची खरी कसोटी वर्गाच्या मिश्रणात आहे. एका बाकावर नियमाने मिस्सेला जाणारी केरळी वा फिलिपिनो मुलगी, तिच्या मागे बाप्तिस्म्याच्या दिवसानंतर चर्च न पाहिलेला इंग्रज मुलगा, बाजूला गणेशोत्सवात ढोल वाजवणारा मराठी मुलगा. नावापुरते कॅथलिक असलेले मूल आणि मनापासून हिंदू असलेले मूल यांच्यात ‘प्रार्थना म्हणजे काय’ हे दुसऱ्यालाच अधिक कळते, असा अनुभव शिक्षक खासगीत सांगतात. एकाच पाठातून एकाला पोषण, दुसऱ्याला आव्हान आणि तिसऱ्याला सन्मान देणे, हे या पेशाचे काम. ते दर आठवड्याला जमतेच असे नाही.

उपासना, आणि बाहेर पडण्याचा हक्क

धर्मशिक्षण आणि सामुदायिक उपासना या कायद्याने दोन भिन्न गोष्टी आहेत आणि १९९८ च्या शाळाविषयक कायद्याचे ७१ वे कलम पालकांना दोहोंतून, पूर्णतः वा अंशतः, मुलाला काढून घेण्याचा हक्क देते. कारण सांगावे लागत नाही. शाळेने अशा मुलाची देखरेख करावयाची असते. पर्यायी विषय शिकवण्याचे बंधन तिच्यावर नाही. अकॅडमी शाळांतही करारान्वये हाच हक्क मिळतो. शुल्क घेणाऱ्या खासगी कॅथलिक शाळांत मात्र शाळेशी झालेला करार पाहावा लागतो.

हक्क स्पष्ट असला तरी वापरण्यास जड आहे. आठवड्याचे अडीच तास मूल ग्रंथालयात एकटे बसते, एक जीसीएसई गमावते आणि ‘हा का येत नाही’ या प्रश्नाला रोज सामोरे जाते. शिवाय कॅथलिक दृष्टी त्या तासापुरती नसते; सप्टेंबर २०२० पासून सक्तीचे झालेले नातेसंबंध व लैंगिक शिक्षण येथे चर्चच्या शिकवणुकीच्या चौकटीत दिले जाते आणि त्याचा काही भाग धर्मशिक्षणाच्याच तासात येतो. म्हणून माझे मत असे की प्रवेशाआधीच हा हक्क बजावण्याचा विचार मनात येत असेल, तर त्या कुटुंबाने दुसरी शाळा शोधावी. अंशतः माघार मात्र कधी कधी शहाणपणाची असते. एखादी विशिष्ट उपासना वा पापनिवेदनाची सेवा मुलाला अवघड वाटत असेल, तर विभागप्रमुखाशी बोलून मार्ग निघतो.

मिस्सेच्या वेळी कॅथलिकेतर मुलांनी ख्रिस्तप्रसाद घ्यावयाचा नसतो. ती जागेवर बसून राहतात किंवा छातीवर हात जोडून आशीर्वादासाठी पुढे जातात. पुढे जाणे ऐच्छिक आहे, हे मुलाला आधी सांगून ठेवावे, अन्यथा रांगेबरोबर चालत गेलेले मूल गोंधळते. प्रार्थनेत शब्द उच्चारण्याची सक्ती नसते. शांत उभे राहणे पुरते. दिवाळीसारख्या दिवशी धर्मपालनासाठी सुटी मागण्याचा हक्क १९९६ च्या शिक्षण कायद्याने सर्वच शाळांतील मुलांना दिला आहे. कॅथलिक शाळा त्याला अपवाद नाही, आणि ती विनंती तेथे सहसा अधिक सहज समजून घेतली जाते.

प्रवेश

जागा शिल्लक असतील तर कॅथलिक नाही म्हणून कोणालाही प्रवेश नाकारता येत नाही. पण नावाजलेल्या शाळांत जागा शिल्लक नसतात, आणि मग प्राधान्यक्रम लागू होतो : प्रथम कॅथलिक मुले, मग इतर ख्रिस्ती, मग इतर धर्मांची, शेवटी उरलेली, तपशील शाळेगणिक बदलतो. इतर धर्मांच्या गटासाठी काही शाळा मंदिराच्या वा धर्मसंस्थेच्या पत्राची अपेक्षा करतात. त्यासाठी नगरपालिकेच्या अर्जाखेरीज शाळेचा पूरक अर्ज भरावा लागतो, आणि तो राहून गेल्यामुळे मूल शेवटच्या गटात ढकलले जाते. माध्यमिक प्रवेशअर्जाची मुदत ३१ ऑक्टोबर, निर्णयाचा दिवस १ मार्च. मागील वर्षी कोणत्या गटापर्यंत प्रवेश मिळाला हे शाळेला विचारावे. घराचे अंतर पाहण्याआधी ते पाहावे.

नव्या अकॅडमींना अर्ज जास्त आल्यास धर्माच्या आधारे निम्म्याच जागा भरता येतात. ही मर्यादा आपल्या विधिसंहितेशी विसंगत आहे, अशी कॅथलिक चर्चची भूमिका असल्याने त्याने अशा शाळा जवळजवळ उघडल्याच नाहीत. २०२४ मध्ये तत्कालीन सरकारने मर्यादा उठवण्याचा प्रस्ताव मांडला होता. जुन्या व्हॉलंटरी एडेड शाळांना ती लागू नाही. प्रवेशापुरता बाप्तिस्मा घेण्याची वाट काही कुटुंबे चोखाळतात. धर्मगुरूंना हे ठाऊक असते आणि कित्येक शाळा बाप्तिस्म्याची तारीख पाहतात. त्याहून मोठी गोष्ट अशी की अकरा वर्षांच्या मुलाला या व्यवहाराचा अर्थ नीट कळतो.

सोळा वर्षांनंतर

सिक्स्थ फॉर्ममध्ये राहिल्यास ५ टक्के वेळेचे सर्वसाधारण धर्मशिक्षण सर्वांना असते. त्याची परीक्षा बहुधा नसते आणि वैद्यकीय नीती, सामाजिक न्याय, युद्ध व शांतता असे विषय चर्चेला येतात. या वयाचा विद्यार्थी सामुदायिक उपासनेतून स्वतः माघार घेऊ शकतो. धर्मशिक्षणातून माघारीचा निर्णय मात्र अठरा पूर्ण होईपर्यंत पालकांचाच राहतो. विषयात गोडी लागलेल्यांसाठी ए-लेव्हलला धर्माभ्यास आहे : अँसेल्म आणि अक्वायनस यांचे ईश्वरसिद्धीचे युक्तिवाद, ह्यूमचे आक्षेप, कांटचे नीतिशास्त्र. ओसीआर मंडळाच्या ए-लेव्हलमध्ये तिसरा भाग ख्रिस्ती धर्माऐवजी हिंदू धर्माचाही निवडता येतो. कॅथलिक शाळा तो पर्याय क्वचितच देतात. हवा असल्यास अन्य महाविद्यालयांची चौकशी जीसीएसईच्या वर्षातच करावी लागते.